रावळपिंडीची कोठडी आणि पुन्हा कॉकपिट : युद्धकैदी झालेल्या वैमानिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात, दादरला किंवा डोंबिवलीत हवाई दलाच्या इतिहासावर कार्यक्रम झाला की चिठ्ठ्या येतात आणि पुढे कित्येक दिवस मेसेज येत राहतात. त्यांतले बरेचसे एकाच रात्रीबद्दल असतात : ऑगस्ट १९७२ मधली रावळपिंडीची रात्र, जेव्हा दिलीप परुळकर आणि आणखी दोन भारतीय वैमानिक पाकिस्तानच्या कैदेतून निसटले. त्या रात्रीची ओढ आम्हालाही आहे. पण वैमानिकाची नोकरी वीस-पंचवीस वर्षांची असते आणि कैद त्यातली आठवडाभराची, फार तर वर्षभराची. त्या कैदेचा पुढच्या नोकरीवर काय परिणाम होतो, हे फारसं कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. म्हणून इथे दोन्ही घेतलं आहे.

१. दिलीप परुळकर यांची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नीट सांगाल का?

मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात कमिशन झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला मारा लागला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. लीडरने इजेक्ट व्हायला (सीटसकट विमानाबाहेर उडी घ्यायला) सांगितलं होतं, तरी त्यांनी विमान तळावर परत आणलं. याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. १९७१ मध्ये ते २६ स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. १० डिसेंबरला जमिनीवरच्या विमानविरोधी माऱ्यात त्यांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये दोन साथीदारांसह ते निसटले, सरहद्दीजवळ पुन्हा सापडले आणि १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परतले.

त्यानंतरची वर्षं लोकांना ठाऊक नसतात. ते हवाई दल अकादमीत फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते, दोन वर्षं सिंगापूरला होते आणि खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर होते. विशिष्ट सेवा पदक मिळालं, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १० ऑगस्ट २०२५ ला त्यांचं पुण्यात निधन झालं.

दोन चुका सर्रास दिसतात. पकडले गेले तेव्हा ते ‘विंग कमांडर’ होते असं लिहिलं जातं. ते फ्लाइट लेफ्टनंट होते. आणि सुखोई-७ म्हणजे आजचं सुखोई-३० नव्हे. सुखोई-७ एका इंजिनाचं, एका वैमानिकाचं, जमिनीवर हल्ला करणारं विमान. रॉकेट आणि बॉम्ब टाकायला खाली यावं लागायचं, म्हणून खालच्या तोफांची झळ त्याला जास्त बसली.

२. वैमानिक नेमका कधीपासून युद्धकैदी ठरतो? युद्ध जाहीर झालं नसेल तर?

शत्रूच्या ताब्यात गेला त्या क्षणापासून. त्यासाठी युद्धाची औपचारिक घोषणा लागत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांचं दुसरं कलम सांगतं की दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू होतो, एखादा पक्ष त्याला युद्ध म्हणत नसला तरी. भारताने हे करार १९५० मध्ये आणि पाकिस्तानने १९५१ मध्ये मान्य केले. त्यामुळे १९९९ मध्ये नचिकेता आणि २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान हे वैमानिक पाकिस्तानच्या हाती सापडले त्या वेळी ‘युद्ध कुठे होतं?’ हा वाद कायद्यापुढे टिकत नाही.

आपल्याकडे ‘युद्धबंदी’ हा शब्द कधी कैद्यासाठी, कधी लढाई थांबण्यासाठी वापरला जातो. गोंधळ नको म्हणून आम्ही कैद्यासाठी ‘युद्धकैदी’ आणि लढाई थांबण्यासाठी ‘शस्त्रसंधी’ म्हणतो.

३. पकडल्यावर फक्त नाव, हुद्दा आणि नंबरच सांगायचा असतो ना?

आणि जन्मतारीख. या चार गोष्टी सांगायला कैदी बांधलेला आहे (तिसरा जिनिव्हा करार, कलम १७; पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की याच कराराचं). स्क्वाड्रन कोणती, तळ कोणता, विमानावर काय लादलं होतं, यातलं काही सांगायचं बंधन नाही. ते काढून घेण्यासाठी छळ करायला किंवा धाक घालायला तेच कलम मनाई करतं.

प्रत्यक्षात पहिले काही तास सर्वांत धोक्याचे. कारण वैमानिक उतरतो तो गावात किंवा शेतात, आणि गर्दीने करार वाचलेला नसतो. नियमित सैन्याच्या ताब्यात गेल्यावर जीव वाचण्याची शक्यता वाढते. २०१९ मध्ये हे सगळ्या देशाने फोनवर पाहिलं. ते चित्रण पसरवणंही कराराविरुद्धच होतं : कैद्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करायचा नाही, असं तेराव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे.

४. वैमानिक खोटं नाव सांगून सुटू शकतो का?

प्रयत्न झालेला आहे. ५ डिसेंबर १९७१ ला सिंधच्या वाळवंटात जवाहरलाल भार्गव यांचं मरुत विमान पडलं. त्यांनी गावकऱ्यांना आपण पाकिस्तानी हवाई दलाचे मन्सूर अली असल्याचं सांगितलं. ते बराच वेळ निभावलंही. शेवटी पाकिस्तानी रेंजर्सनी कलमा (इस्लामी श्रद्धावचन) म्हणायला सांगितला आणि तिथे ते अडकले. पुढे तेही वर्षभर कैदेत राहिले, परतले आणि एअर कमोडोर झाले.

मरुत हे भारतीय बनावटीचं लढाऊ विमान. ते पाहायला मुंबईकरांना फोटोवर भागवायची गरज नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभं आहे. शाळेच्या सहलीत मुलं त्याच्याखालून पळत जातात. पुढच्या वेळी थोडं थांबून कॉकपिट किती अरुंद आहे ते त्यांना दाखवा. एवढ्याशा जागेतून गुडघे न आपटता बाहेर फेकलं जायचं असतं.

५. रावळपिंडीहून ते तिघे निसटले कसे?

तिघे म्हणजे दिलीप परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. कैदेत इतर भारतीय वैमानिकही होते आणि त्यांनी मदत केली. विंग कमांडर कोएल्हो तिथे सर्वांत वरिष्ठ होते.

काम हळूहळू झालं. कोठडीच्या मागच्या भिंतीच्या विटांभोवतीचा गिलावा खरवडून विटा सुट्या करायच्या, आवाज झाकायचा, सकाळ व्हायच्या आत भिंत पूर्वीसारखी दिसेल असं करायचं. सामान कोठडीतच जमवलं. पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या शिवल्या. जी-सूटमध्ये (लढाऊ वैमानिकाच्या खास पोशाखात) हवेने फुगणारे रबरी फुगे असतात, ते काढून पाणी न्यायला घेतले. सुई चुंबकीय करून होकायंत्र केलं. अंगात पठाणी कपडे. खर्चाला कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून साठवलेले पैसे (भत्त्याचा हिशेब प्रश्न ८ मध्ये).

१२-१३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्री वादळी पावसात ते बाहेर पडले. शनिवारची रात्र होती, १४ ऑगस्टची सुट्टी तोंडावर होती. बसने पेशावर, तिथून पुढे जमरूद आणि लंडी कोतल.

६. भारताची हद्द सोडून अफगाणिस्तानकडे का गेले? आणि मग चुकलं कुठे?

भारताच्या बाजूला दोन्ही सैन्यं अजून समोरासमोर होती. सुरुंग, गस्त आणि दोन्हीकडून गोळी लागायची भीती. उलट खैबर खिंडीची वाट रहदारीची, बस चालणारी, आणि पलीकडचा देश तटस्थ. तटस्थ देशाने पळून आलेल्या युद्धकैद्याला मोकळं ठेवायचं, असा १९०७ च्या हेग करारापासूनचा नियम आहे. म्हणजे तोरखमची हद्द ओलांडली की काम झालं होतं.

चूक नकाशाची झाली. त्यांच्या माहितीत लोहमार्ग लंडी खान्यापर्यंत जात होता आणि ते सरहद्दीआधीचं शेवटचं स्टेशन होतं. पण ते स्टेशन १९३२ मध्येच बंद झालं होतं. लंडी कोतलला त्यांनी लंडी खान्याला कसं जायचं ते विचारलं. चाळीस वर्षं तिथे कुणी जात नव्हतं, त्यामुळे विचारणारा परका आहे हे लगेच कळलं. तिथून हद्द अवघी काही किलोमीटर होती.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच ख्रिस्ती कर्मचारी आहोत, असं त्यांनी सांगून पाहिलं. ते पटलं नाही. टोळ्यांच्या मुलखात हेर समजून गोळी घातली जाण्याचा धोका होता. तेव्हा परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला (दिमतीच्या अधिकाऱ्याला) फोन लावायची विनंती केली. ते अधिकारी, उस्मान हमीद, पूर्वी याच कैद्यांच्या कँपचे प्रमुख होते. त्यांनी हे आपलेच कैदी असल्याचं सांगितलं आणि तिघांचे प्राण वाचले. ही गोष्ट सांगताना उस्मान हमीद यांचं नाव गाळू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

७. पळून जाणं हा गुन्हा नाही का? पकडल्यावर किती शिक्षा होते?

कैदेत ठेवणाऱ्या देशाच्या दृष्टीने तो शिस्तभंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. कलम ९२ प्रमाणे फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तीची शिक्षा देता येते, अगदी पुन्हा पुन्हा पळाला तरी. एका वेळची शिक्षा ३० दिवसांपेक्षा जास्त नाही (कलम ९०). भिंत फोडणं, साधे कपडे घालणं, खोटे कागद करणं यालाही तेच लागू, अट एवढीच की कुणाच्या जिवाला किंवा शरीराला इजा करायची नाही (कलम ९३). पहारेकऱ्याला मारलं की हे संरक्षण संपतं. रावळपिंडीच्या बेतात हाणामारीला जागा नव्हती, त्यामागचं एक मोठं कारण हेच समजावं.

पलायन यशस्वी केव्हा धरतात? कैदी आपल्या किंवा मित्रदेशाच्या सैन्याला मिळाला, किंवा पकडणाऱ्याच्या ताब्यातला मुलूख सोडून बाहेर गेला की (कलम ९१). त्यानंतर पुढच्या लढाईत तो पुन्हा सापडला तरी आधीच्या पलायनाची शिक्षा देता येत नाही.

८. कैदेत असताना पगार मिळतो का? नोकरीत खंड पडतो का?

दोन वेगळे हिशेब आहेत.

पकडणारा देश दर महिन्याला आगाऊ रक्कम देतो. कलम ६० मधले दर स्विस फ्रँकमध्ये आहेत : सार्जंटखालच्यांना ८, सार्जंट दर्जाला १२, मेजरखालच्या अधिकाऱ्यांना ५०, मेजर ते कर्नल दर्जाला ६०, जनरल दर्जाला ७५. फ्लाइट लेफ्टनंट हा कॅप्टनच्या बरोबरीचा, म्हणून ५०; स्क्वाड्रन लीडर मेजरच्या बरोबरीचा, म्हणून ६०. अधिकाऱ्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही.

मायदेशातला पगार वेगळा. हवाई दल कायदा, १९५० मध्ये युद्धकैद्याच्या पगारातून त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची सोय करण्याची तरतूद आहे. पकडला जाणं म्हणजे गैरहजर राहणं नव्हे. एक अपवाद लक्षात ठेवा : पकडलं जाताना किंवा कैदेत असताना वर्तन कसं होतं याची चौकशी लागली, तर निकालापर्यंत पगार रोखता येतो (प्रश्न ११ पाहा).

९. घरच्यांना कसं कळतं? आमचं घर पुनर्विकासात गेलं आहे, पत्ता बदलला आहे.

सुरुवातीला बहुतेकदा ‘बेपत्ता’ एवढंच कळतं. कँपमध्ये पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला कॅप्चर कार्ड लिहू द्यायचं असतं (कलम ७०). ते रेड क्रॉसच्या मध्यवर्ती कचेरीमार्फत आणि थेट घरी जातं. त्यानंतर महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं (कलम ७१). पत्रं सेन्सॉर होतात, म्हणून उशीर होतो.

पत्त्याची अडचण मुंबईत खरोखर येते. चाळ पाडली, आई-वडील संक्रमण शिबिरात किंवा बोरिवलीला भाड्याने गेले आणि युनिटमधल्या ‘नेक्स्ट ऑफ किन’च्या नोंदीत जुनाच पत्ता राहिला. घर बदललं की पंधरा दिवसांत मुलाला किंवा मुलीला ती नोंद बदलायला लावा. बदललेला मोबाइल नंबरही तिथेच कळवा.

आणि अशी वेळ आलीच तर फोटो, स्क्वाड्रनचं नाव, ‘तो अमुक विमान उडवायचा’ अशी माहिती सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आत तो तोंड बंद ठेवून बसलेला असतो आणि बाहेर आपणच उत्तरं पुरवतो.

१०. इजेक्ट झालेला वैमानिक परत उडू शकतो का?

पुष्कळ जण उडतात. सगळं पाठीच्या मणक्यांवर अवलंबून असतं. सीट वर फेकली जाते तेव्हा शरीराचा भार क्षणभर दहा-वीस पटीपर्यंत जातो. डोकं टेकलेलं आणि पाठ ताठ असेल तर तो भार मणक्यांवर सरळ येतो. पुढे वाकलेलं असेल तर मणक्यांची पुढची कड चेपते. सर्वांत जास्त मार बसतो तो छातीचा शेवटचा मणका आणि कंबरेचा पहिला, या जोडापाशी. खाली वाकून पट्टे ओढायला वेळ नसतो, म्हणून बसण्याची पद्धत आधीच अंगवळणी पाडतात.

परतल्यावर मणक्यांची तपासणी होते आणि वैमानिकाची मेडिकल कॅटेगरी तात्पुरती खाली येते. मोडलेला मणका साधारण तीन ते सहा महिन्यांत भरतो. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये मूल्यमापन होऊन मगच पुढचा निर्णय. कैदेत अडचण अशी की ही पहिली तपासणी आणि विश्रांती शत्रूच्या हातात असते. १९७१ मध्ये स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा यांनी कैदेतले दिवस मणक्याच्या दुखापतीमुळे प्लास्टरमध्ये काढले.

तीन वाटा दिसतात. अभिनंदन वर्धमान १ मार्च २०१९ ला परतले आणि २ सप्टेंबरला पठाणकोटहून हवाई दलप्रमुख धनोआ यांच्याबरोबर मिग-२१ मध्ये उडाले. नचिकेता यांचं मिग-२७ २७ मे १९९९ ला बटालिकच्या बाजूला इंजिन बंद पडून गेलं. ३ जूनला ते परतले, पण पाठीमुळे फायटर सुटलं आणि ते इल्युशिन-७६ व ७८ या मोठ्या विमानांवर गेले. तिथे इजेक्शन सीट नसते. तिसरी वाट जमिनीवरच्या कामाची. फायटर सुटणं वैमानिकाच्या जिवाला फार लागतं, हे खरं. पण हवेत इंधन भरणारं विमान शत्रूच्या हद्दीजवळ स्थिर धरून ठेवणं हेही अव्वल दर्जाचं उड्डाण आहे. त्याला ‘उतरणं’ म्हणू नये.

११. परत आल्यावर आपल्याच माणसाची चौकशी का करतात? संशय असतो का?

संशय हा मूळ हेतू नसतो. आधी वैद्यकीय तपासणी, मग सविस्तर जबाब : विमान कशाने पडलं, सीटने कसं काम केलं, काय विचारलं गेलं, आणखी कोण कैदी दिसले. शेवटचा मुद्दा बेपत्तांच्या घरच्यांसाठी मोलाचा असतो (प्रश्न १४).

कायद्याची बाजूही आहे. हवाई दल कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे निष्काळजीपणाने, हुकूम मोडून किंवा कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करून पकडलं जाणं हा गुन्हा आहे. तसंच, परतणं शक्य असून न परतणं हाही. म्हणून नोंद स्वच्छ होणं वैमानिकाच्याच फायद्याचं.

बढतीवर डाग राहतो का? के. सी. करिअप्पा २२ सप्टेंबर १९६५ ला हंटरमधून इजेक्ट होऊन पकडले गेले आणि पुढे एअर मार्शल झाले.

१२. युद्धकैदी होता म्हणून पदक मिळतं का?

नाही. भारतात केवळ कैदेसाठी पदक नाही. अभिनंदन यांचं वीर चक्र २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई लढतीसाठी आहे. परुळकरांचं वायुसेना पदक १९६५ चं आहे, म्हणजे कैदेच्या सहा वर्षं आधीचं. पलायनात दाखवलेल्या धडाडीची दखल हवाई दलाने विशिष्ट सेवा पदकाने घेतली. ते विशेष सेवेचं पदक आहे, शौर्यपदक नव्हे.

१३. युद्ध १७ डिसेंबर १९७१ ला थांबलं, मग कैदी वर्षभर का अडकले?

कलम ११८ म्हणतं, प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडा. पण पूर्वेकडे शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताकडे होते आणि बांगलादेशचा प्रश्न त्यांच्याशी बांधलेला होता. सिमला करार २ जुलै १९७२ ला झाला, तरी पश्चिम आघाडीवरचे कैदी डिसेंबरमध्ये सुटले. पलायन फसल्यावर भारतीय वैमानिकांना लायलपूरच्या, आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगात हलवलं होतं. तिथून ते वाघ्याला आले.

१४. जे परत आलेच नाहीत त्यांचं काय?

भारत सरकारच्या यादीत ८३ बेपत्ता सैनिक आहेत. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचं मान्य केलेलं नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटच्या हल्ल्यात गेलं. पकडलेल्या वैमानिकांच्या एका पाकिस्तानी वृत्तपत्रातल्या बातमीत ‘टोंबे’ असं नाव छापून आलं होतं. २००७ मध्ये नातेवाइकांच्या गटाने पाकिस्तानातले तुरुंग पाहिले. हाती काही लागलं नाही.

कायद्याने सात वर्षं खबर नसलेला माणूस मृत धरता येतो (भारतीय साक्ष अधिनियम, कलम १११). तो मालमत्ता आणि वारसाच्या कामापुरता तर्क आहे. एखाद्या घराने तो मनाने स्वीकारावा, असा आग्रह कुणी धरू नये.

१५. मुलगी बारावीत आहे, फायटर पायलट व्हायचं म्हणते. मुंबईतून वाट कोणती? आणि स्त्री वैमानिक पकडली गेली तर?

एनडीए परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, मुंबईत केंद्र असतं, आणि २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा. मुलाखत मंडळांपैकी मुंबईला सर्वांत जवळचं गांधीनगर.

अडतं ते दोन ठिकाणी. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून ‘सहज बघू’ म्हणून जाऊ नका. आणि मापं : उंची किमान १६२.५ सेंमी, पायांची लांबी ९९ ते १२०, बसलेली उंची ८१.५ ते ९६, मांडी जास्तीत जास्त ६४. ती घरी भिंतीला टेकून आधीच घ्या. ही मापं कॉकपिटच्या आकारातून येतात आणि मणक्यांचा एक्स-रे इजेक्शनमुळे काढतात (प्रश्न १०).

पकडल्या गेलेल्या स्त्रीला करार वेगळं संरक्षण देतो : निवास आणि प्रसाधन वेगळं (कलम २५, २९), आणि शिस्तीची शिक्षा भोगताना पहारा स्त्रियांचाच (कलम ९७).

१६. आजोबा हवाई दलात होते, कैदेत होते असं घरात सांगतात. नोंदी कुठे शोधू?

आधी घरातच सर्व्हिस नंबर शोधा. डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक, पदकाची कड. नंबराशिवाय नावावरून शोध बहुतेकदा भरकटतो, कारण इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं (‘टोंबे’ आठवा). अधिकारी असतील तर नेमणुका आणि बढत्या भारत सरकारच्या राजपत्रात, भाग १, विभाग ४ मध्ये मिळतात. त्या काळची मराठी वृत्तपत्रं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि फोर्टच्या एशियाटिक सोसायटीत मागून पाहा. डिसेंबर १९७२ च्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. माहिती अधिकारात दुसऱ्याची सेवापुस्तिका मागितली तर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. वारस असल्याचा पुरावा जोडून अर्ज थेट हवाई दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे करा.